तार चांगली असेल तर

सोयाबीनचा भाव पडला, म्हणून माझ्या गाडीचं तिसरं सिलेंडर बंद पडलं. वाशीम जिल्ह्याबाहेर हे वाक्य मी कुणाला ऐकवलं, की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे कणवेनं बघतो. वाशीममध्ये मात्र कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. फार तर विचारतात, "कट्टे किती होते?"

कट्टे चाळीस होते.

आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचा धागा ओढत गेलं, की तो शेवटी सोयाबीनपाशी निघतो. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, मुलाची मोटारसायकल आणि त्या मोटारसायकलवरून झालेलं भांडण, सगळं त्या एका दाण्यात साठवलेलं असतं. २०२१ च्या पावसाळ्यात ह्या दाण्यानं क्विंटलला दहा हजारांच्या आसपास मजल मारली होती. ज्यांचं विकून झालं होतं त्यांनी कपाळावर हात मारला, ज्यांचं शिल्लक होतं ते वर्षभर मिशीला पीळ देत फिरले, आणि जिल्ह्याला थांबायची सवय लागली ती लागलीच. २०२४ च्या खरिपाला सरकारनं ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला. बाजार मात्र चार हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. तेव्हा शेती बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं दिवाळीनंतर एक दिवस ट्रॅक्टर थेट माझ्या दारात आणला आणि चाळीस कट्टे पोर्चमध्ये रचून ठेवले.

"दादा, पंधरा दिवस," तो म्हणाला. "भाव वाढला का लगेच उचलतो."

पोर्चमध्ये गाडी उभी असते. कट्टे आणि गाडी ह्यांच्यात वीतभर जागा राहिली. ती वीतभर जागा माणसाला पुरत नाही. पण ती माणसासाठी नव्हतीच, हे पुढे कळलं.

माझी गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलेंडरची, अंगावर एमएच-३७ असं कुंकू लावलेली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला 'धाराविद्युत' हा धडा बावीस वर्षं शिकवतोय. विभवांतर, रोध, विद्युतधारा हे तीन शब्द मी जितक्या वेळा उच्चारले असतील तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं, तर गाडी बिघडलीच नसती, असं आमच्या सासूबाईंचं मत आहे.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून मेहुणे आले. मेहुणे हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांना सगळं येतं. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते झालं होतं, ते बघायचं ठरलं. मंगरूळपीर यायच्या आधीच गाडीला हुडहुडी भरली. आरशात मागचा रस्ता थरथरायला लागला. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी विचारात पडायची. मग डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्यावरचं चित्र इंजिनाचं असतं म्हणे. मला ती थेट विहिरीवरची पाण्याची मोटार वाटली.

"अहो, गाडी खोकतेय," मागून बायको म्हणाली.

"मिसिंग आहे, भाऊजी," मेहुणे म्हणाले. आणि त्यांनी खिशातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं तोंड असतं. त्यात ही काडेपेटी खोचली की गाडीचं मन मोबाइलवर उमटतं. मेहुणे पुण्याहून येताना मला सदरा आणि बायकोला बाकरवडी आणायचं विसरले होते, काडेपेटी विसरले नव्हते. मोबाइलवर उमटलं : पी ०२०३.

"तिसऱ्या सिलेंडरचं इंजेक्टर सर्किट," त्यांनी वाचलं. "म्हणजे इंजेक्टर गेला."

आता माझ्यासारख्या पेपर तपासणाऱ्या माणसानं तिथेच तांबडी पेन्सिल काढायला हवी होती. गाडीनं 'सर्किट' म्हटलं होतं. मेहुण्यांनी 'सर्किट' वाचलं आणि 'इंजेक्टर' ऐकलं. प्रश्न अर्धा वाचून उत्तर पूर्ण लिहिणारी मुलं मी बावीस वर्षं बघतोय. पण मेहुणा हा प्राणी तांबड्या पेन्सिलीच्या कक्षेत येत नाही. मंगरूळपीरला आलुबोंडे खाऊन, संग्रहालय न बघता, आम्ही तीन सिलेंडरांवर वाशीमला परतलो.

इंजेक्टर म्हणजे काय, हे वर्गात सांगतो तसं सांगून टाकतो. ही एक बोटाएवढी झारी. आत तारेचं वेटोळं आणि त्यात एक लोखंडी खीळ. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचं चुंबक होतं, खीळ उचलली जाते आणि पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. वीज थांबली की स्प्रिंग खिळीला खाली दाबते. वेटोळ्याच्या एका टोकाला बॅटरीचे बारा व्होल्ट कायम येऊन उभे असतात. दुसरं टोक गाडीतला कॉम्प्युटर हव्या त्या क्षणी अर्थला जोडतो आणि लगेच सोडतो. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असते तेव्हा इंजिनाचे मिनिटाला साधारण आठशे फेरे होतात आणि प्रत्येक इंजेक्टर चारशे वेळा उघडतो, दर वेळी सेकंदाचे दोन-तीन हजारांश. एवढ्या वेळात आमच्या शाळेत हजेरीला 'उपस्थित' मधला 'उ'सुद्धा होत नाही.

पूर्वी कार्बोरेटर होता तेव्हा एवढी भानगड नव्हती. हवा आत जाताना पेट्रोल आपसूक ओढून न्यायची. अडलं तर मिस्त्री जेट काढून तोंडानं फुंकायचा. स्कूटर असेल तर मालक स्वतःच तिला जमिनीकडे आडवी करायचा, मग ती जणू लाजून सुरू व्हायची. जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं. आपल्याकडे ते सर्वसामान्यांच्या गाडीत यायला तीस वर्षं गेली. १९९८ साली सँट्रो आली ती इंजेक्शन घेऊनच, आणि त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा निघून आमचा वाशीम जिल्हा झाला. दोघं एका वयाचे. सँट्रो मधल्या काळात बंद झाली, परत आली, परत बंद झाली. जिल्हा चालू आहे आणि अजून आकांक्षित आहे. हे मी म्हणत नाही, २०१८ पासून नीती आयोग म्हणतो. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर तर दुचाकींतही इंजेक्टर बसले. आता स्कूटर कितीही आडवी करा, ती लाजत नाही.

पण लोकांच्या डोक्यातला कार्बोरेटर अजून निघालेला नाही. गाडी बिघडली ही बातमी पाटणी चौकापर्यंत माझ्या आधी पोहोचली आणि निदानं यायला लागली. शेजारी म्हणाले, पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, त्याचा हा परिणाम. किराणावाला म्हणाला, पंपावरचं पाणी. न्हावी म्हणाला, बॅटरी बदला, त्याच्या साडूचं तसंच झालं होतं. साडूची म्हैस होती की गाडी, हे कटिंग संपेपर्यंत स्पष्ट झालं नाही. सासूबाईंनी बॉनेटवरून लिंबू उतरवून टाकलं. ह्या सगळ्यांत लिंबाचा खर्च सर्वांत कमी होता, आणि परिणाम इतरांइतकाच झाला.

सर्वांत ठाम सल्ला होता तो कचऱ्याचा. "कचरा आला असन. समृद्धीवर नेऊन एकदा ताणून आणा, जळून जाईन सारा." शेलूबाजारला चढायचं, कारंज्याला उतरायचं, की इंजिन साफ. सातशे एक किलोमीटरचा हा महामार्ग सरकारनं मुंबई-नागपूर जोडायला बांधला अशी माझी समजूत होती. त्याचा मूळ उपयोग इंजिन धुणे हा आहे, हे तेव्हा कळलं. गेलो. जिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे तिथे मी साठानं, दात वाजवत, डाव्या कडेनं चाललो होतो. कांद्याच्या ट्रकनं मला ओलांडताना हॉर्न वाजवला नाही, नुसतं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. कारंज्याला उतरून गुरुमंदिरात हात जोडले आणि जुन्या रस्त्यानं घरी आलो. टोल गेला, कचरा तसाच.

मग गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गेली. काचेचं ऑफिस, आत थंड हवा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो. त्यांनी चारही प्लग काढले. तीन ओलसर होते, तिसरा ठणठणीत कोरडा. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल तिथपर्यंत येतच नाहीये, हे तो प्लग बिचारा त्याच्या परीनं सांगत होता. त्याला बदलून टाकलं. साक्षीदाराला बदलून टाकल्यावर खटला लवकर निकालात निघतो, हा अनुभव त्यांच्या गाठीशी असावा. मग इंजेक्टर साफ केले. मग नवीन इंजेक्टर अकोल्याहून मागवला, ३,८०० रुपये. जुना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. अस्थी देतात तसा, दोन्ही हातांनी.

नवीन इंजेक्टर बसला आणि गाडी नव्या उत्साहानं थरथरायला लागली. पिवळी मोटार लागलेलीच. पी ०२०३.

"मग सर, ईसीएम गेला," काचेआडून निदान आलं. म्हणजे गाडीचा मेंदू. बावीस हजार.

इथे मला पहिल्यांदा शंका आली. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत नसेल तर आपण त्याचा आधी पेन बदलतो, मग वही बदलतो, आणि तरी येत नसेल तर डोकं बदला म्हणतो, असा हा प्रकार होता. फक्त इथे प्रत्येक बदलाचं बिल होतं. बदलायला पैसे देताना आपल्याला काही वाटत नाही, कारण हातात वस्तू पडते, खोकं पडतं, वॉरंटीचं कार्ड पडतं. शोधायला पैसे द्यायचे म्हटलं की आपल्याला वाटतं, ह्यानं केलं काय?

वाशीमसारख्या गावात मास्तरला जुना विद्यार्थी भेटत नाही अशी जागा नाही. बँकेत काउंटरच्या आत तो असतो, दवाखान्यात सुई घेऊन तो असतो, आणि एकदा तर हेल्मेट नसल्याबद्दल पावती फाडायलाही तोच होता. पुसद नाक्याकडे ऑटो इलेक्ट्रिशियनचं एक पत्र्याचं दुकान आहे, तिथेही तो निघाला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. त्यानं आधी पाया पडून तिळगूळ दिला. नववीला विज्ञानात जेमतेम पास होणारा, मागच्या बाकावरचा, खिडकीतून टॉवरकडे बघत बसणारा मुलगा. मला वाटलं, ह्याच्याकडून आता आपण निदान करून घ्यायचं. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की सरांना आता आपण शिकवायचं. दोघंही अवघडलो.

त्यानं बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. "कधीपासून? धुतली होती का? कुठं उभी राह्यते?"

"तू आधी बघ तर," मी म्हणालो.

"पाह्यतोच हो सर. पण पयले इचारा लागते."

गाडी चालू करून त्यानं एक हातभर लांब पेचकस घेतला. टोक पहिल्या इंजेक्टरवर, मूठ कानाला. डॉक्टरसारखे डोळे मिटले. मग मला ऐकवलं. पहिला : टक टक टक टक. दुसरा : टक टक टक टक. तिसरा : सामसूम. चौथा : टक टक टक टक. ध्वनीचं स्थायूतून वहन. आठवीला... जाऊ दे.

मग मीटर काढलं. नव्या इंजेक्टरचा रोध बारा ओहम. "बरोबर हाये." मग मी वर्तमानपत्राची पुरचुंडी पुढे केली. त्यानं जुन्याला मीटर लावलं. बारा पूर्णांक चार. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "सर, हा तर जिता हाये."

अस्थी म्हणून जपून ठेवलेलं असं उठून बसल्यावर काय बोलावं, मला कळेना.

इंजेक्टरच्या कपलरमध्ये त्यानं मीटर लावलं. बारा पूर्णांक तीन व्होल्ट. वीज येतेय. मग पेनाच्या रिकाम्या नळीत बसवलेला एक एलईडी काढला, कपलरला जोडला आणि इंजिन चालू केलं. एलईडी लुकलुकायला लागला. म्हणजे कॉम्प्युटर आपला वेळेवर हुकूम सोडतोय. बावीस हजारांचा मेंदू शाबूत.

आता परिस्थिती बघा. वरून आदेश आलेला आहे. निधी आलेला आहे. कर्मचारी ठणठणीत असून जागेवर हजर आहे. तिघांचेही अहवाल 'ठीक'. आणि काम झालेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला हे सर्किट वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तरीही मी बुचकळ्यात पडलो, कारण मी शासकीय नव्हे, ओहमच्या नियमानं विचार करत होतो. बारा व्होल्ट, बारा ओहम, म्हणजे एक अँपिअर. गणित सुटलेलं होतं. गाडी सुटत नव्हती.

त्यानं फळीवरून एक कळकट वस्तू काढली. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा दहा वॅटचा बल्ब आणि त्याला डाग दिलेल्या दोन तारा. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी कपलरच्या त्याच पिनेला, जिथे मीटरनं आत्ताच बारा पूर्णांक तीन दाखवले होते. बल्ब लागला नाही. नीट वाकून बघितलं तर आतली तार उदबत्तीच्या टोकाएवढी लाल झाली होती, बस.

"मीटर खोटं बोललं?" मी विचारलं.

"मीटर खोटं नाही बोलत सर. जेवढं इचारलं तेवढंच सांगते. तुमी इचारलं वीज हाये का, त्यानं सांगतलं हाये. काम करन का, हे तुमी इचारलंच नाही."

मी तिथे, टायरवर बसून, बावीस वर्षांत पहिल्यांदा ओहमचा नियम शिकलो. मीटरचा स्वतःचा रोध असतो एक कोटी ओहम. तो तारेतून जवळजवळ काहीच धारा ओढत नाही. त्यामुळे तार कुरतडलेली असो, गंजलेली असो, एका केसावर लोंबत असो, त्याला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. लग्नघरी अक्षता टाकून परतणाऱ्याला स्वयंपाक पुरेल की नाही ते कळत नाही. ते पंगत बसल्यावर कळतं. बल्ब म्हणजे पंगत. तो इंजेक्टरच्या जवळपास धारा मागतो, आणि मागितल्यावर तार उघडी पडते.

मग हात फिरायला लागले. गाडी चालू ठेवून त्यानं वायरिंगची काळी नळी वीतवीतभर हलवत नेली. बॅटरीच्या मागे, नळी वळते तिथे हात पोहोचला आणि गाडी एकदम शांत झाली. हुडहुडी गेली. त्यानं हात काढला, परत थरथर. हात ठेवला, शांत. गाडीचा हात धरून बसल्यासारखा तो दोन मिनिटं तिथेच उभा राहिला आणि हसला.

इंजिन बंद केलं, बॅटरीची ऋण तार सोडली, नळी फाडली. आतल्या एका तारेचं आवरण बोटभर गायब. तांब्याचे धागे तुटलेले, उरलेला एक हिरवा पडलेला, गाडी धुतल्याच्या पाण्यानं गंजत चाललेला. आणि त्याच्या मागच्या खोबणीत कापूस, गोणपाटाची सुतं, आणि सुबकपणे रचून ठेवलेलं पावशेर सोयाबीन.

"सर," तो गंभीरपणे म्हणाला, "पोर्चमधी माल हाये का?"

मी मान हलवली.

"भाव वाढाची वाट पाहून राह्यला तो बी."

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. म्हणजे जेवण सोयाबीनचं आणि वरून बडीशेप म्हणून माझी तार. मेहुण्यांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, अमेरिकेतही हे होतं. तिथे वायरच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असतो, त्याच्या वासानं उंदीर येतात, असा दावा करून गाडीमालक कोर्टात गेले होते. मला अमेरिकेच्या उंदरांची दया आली. बिचाऱ्यांना आवरणातून वास हुंगावा लागतो. वाशीमचा उंदीर थेट उत्पादकाशी संबंध ठेवून आहे.

खराब तुकडा कापून त्यानं दोन टोकांना मीटर लावलं. रोध निघाला छत्तीस ओहम. उंदराशी माझा छत्तीसचा आकडा आहे हे मला ठाऊक होतं, तो मोजून दाखवणारा पहिल्यांदा भेटला. मनातल्या मनात गणित केलं. छत्तीस आणि बारा, अठ्ठेचाळीस. बारा भागिले अठ्ठेचाळीस, पाव अँपिअर. म्हणजे बारा व्होल्टांतले नऊ वाटेतच संपत होते आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचत होते तीन. निधीचं असंच होतं म्हणतात.

त्यानं तेवढ्याच जाडीची तार घेतली, नुसती पिळून टेप न मारता दोन्ही टोकांना डाग दिले, वरून स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. बॅटरी जोडली. तोच कळकट बल्ब परत लावला. लख्ख. मग इंजेक्टर जोडला, पेचकस कानाला लावून माझ्या हातात मूठ दिली. तिसरा : टक टक टक टक. मी पेचकस बराच वेळ कानाला धरून राहिलो. शेवटी तो म्हणाला, "सर, बाकीचे बी गिऱ्हाईक हायेत."

स्कॅनरनं कोड पुसला. पाण्याची मोटार विझली.

"आता उंदराचं काय?" मी विचारलं. होंडा कंपनी तिखटाचा अंश घातलेली टेप विकते, ती वायरला गुंडाळली की उंदीर तोंड लावत नाही, असं मी कुठंसं वाचलं होतं. मी त्याला ही माहिती ऐटीत दिली, काहीतरी आपल्यालाही येतं म्हणून. तो म्हणाला, टेप मागवू, पण माल हलवणं स्वस्त. मला मात्र टेपपर्यंत थांबवेना. त्याच संध्याकाळी घरचं तिखट पाण्यात कालवून इंजिनभर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पंखा सुरू करताच गाडीतल्या चौघांना एकदम ठसका लागला आणि आठवडाभर गाडीला ठेच्याचा वास येत राहिला. उंदराला काय वाटलं ते कळलं नाही. त्यानं पोळी मागितली नाही, एवढंच.

पण ते नंतर. आधी बिल झालं. त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला घेतलं. तार, २० रुपये. स्लीव्ह, १०. डाग, १०. आणि तिथे पेन थांबला.

"शोधाचे काय लिहू, सर?"

काचेच्या ऑफिसात ३,८०० एका झटक्यात देणारा मी तिथे क्षणभर गप्प झालो. मग म्हणालो, "तू सांग."

त्यानं लिहिलं : शोधणे, ४६०. एकूण ५००. लिहिताना त्याला जरा हसू आलं. "सर, तुमी मले नववीत एक गणित घातलं होतं. बारा व्होल्टची बॅटरी, बारा ओहमचा रोध, धारा काढा."

"मग?"

"म्या लिहिलं होतं, तार चांगली असेल तर एक अँपिअर. तुमी अर्धा मार्क कापला. पेपरवर लिहिलं, अनावश्यक मजकूर."

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. पण तो अभिप्राय माझाच होता, ह्यात शंका नव्हती. मी आजही तोच लिहितो. आमच्या पुस्तकी गणितांत एक वाक्य असतं, 'जोडणीच्या तारांचा रोध नगण्य माना.' आणि सगळं वर 'दिलेले' असतं : व्होल्ट दिलेले, ओहम दिलेला, फक्त भागाकार करायचा. गाडीत काहीच दिलेलं नसतं. एकेक करून विचारून घ्यावं लागतं. ह्या मुलानं ते चौदाव्या वर्षी ओळखलं होतं आणि मी तांबड्या शाईनं खोडलं होतं. अनावश्यक मजकुरावर आज त्याचं घर चाललं होतं.

पाचशेची नोट दिली. मग डॅशबोर्डचा कप्पा चाचपला. कप्प्यात टोलच्या पावत्या होत्या, बडीशेपेची पुडी होती आणि तळाशी, कुठल्या काळातली कोण जाणे, एक पन्नास पैशांचं नाणं होतं. ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय, सर?"

"अर्धा," मी म्हणालो. "राहिलेला."

त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि फळीवर, त्या कळकट बल्बाशेजारी ठेवलं. बिलावर मात्र खाडाखोड करून ५०० चे ५००.५० केले. हिशेबाला पक्का झालाय.

चार सिलेंडरांवर घरी आलो. गाडी अशी चालत होती, की फाटकाशी आल्यावर बंद करायचं जिवावर आलं. आता भावाला स्पष्ट सांगायचं, भाव काहीही असो, कट्टे आजच्या आज हलव. वाक्य मनात दोनदा घोटलं. फाटक उघडलं. कट्टे तसेच होते. आणि त्यांच्या शेजारी, गाडी उभी राहते तिथपर्यंत, नवीन रास लागली होती. यंदाची तूर.

भाऊ कपाळाचा घाम पुसत उभा होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पंजा वर केला.

"दादा, पंधरा दिवस."